स्टेंट बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर: वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत स्टेंटविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत. काही पत्रे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील स्टेंटविषयी आहेत, तर काही मूत्रवाहिनीतील आणि पित्तनलिकेतील स्टेंटविषयी. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. स्टेंट कसा बसवला, हे रुग्णांना बऱ्यापैकी ठाऊक असते. मात्र बसवल्यानंतर कोणती काळजी किती काळ घ्यायची, हे त्यांना पुरेसे सांगितले गेलेले नसते. म्हणून या वेळच्या उत्तरांत त्या बाजूवर अधिक भर दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: माझ्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच वेळी स्टेंट बसवण्यात आला. ते अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर अशा दोन गोळ्या घेतात. आता त्यांची एक दाढ काढावी लागणार आहे. रक्त थांबणार नाही, म्हणून दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद ठेवाव्यात, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर: कृपया तसे करू नका. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत या गोळ्या परस्पर बंद करणे ही स्टेंटच्या रुग्णाकडून होऊ शकणारी सर्वांत धोकादायक चूक आहे, आणि ती बहुतेक वेळा अशाच चांगल्या हेतूने दिलेल्या सल्ल्यामुळे घडते.

स्टेंट ही बारीक धातूच्या जाळीची नळी असते. ती फुग्याच्या साहाय्याने रक्तवाहिनीत फुलवून भिंतीला घट्ट टेकवली जाते. रक्ताच्या दृष्टीने ही जाळी परकी वस्तू असल्यामुळे तिच्यावर प्लेटलेट्स, म्हणजेच बिंबिका, चिकटण्याची प्रवृत्ती असते. कालांतराने रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी जाळीवर पसरतात, ती झाकली जाते आणि धोका पुष्कळ कमी होतो. साध्या धातूच्या स्टेंटवर हे अस्तर काही आठवड्यांत तयार होते. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटवर त्याला काही महिने लागतात. हा मधला काळ सुरक्षितपणे पार पडावा, यासाठी बिंबिकांना दोन वेगवेगळ्या मार्गांनी आवर घालणाऱ्या दोन गोळ्या एकत्र दिल्या जातात. त्या अचानक थांबल्या आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर रक्तप्रवाह काही मिनिटांत बंद पडतो. असे क्वचितच घडते, परंतु घडल्यास मोठा झटका येतो आणि त्यात रुग्ण दगावण्याची शक्यता बरीच असते.

झटक्यानंतर बसवलेल्या स्टेंटसाठी दोन गोळ्यांचा काळ साधारणपणे १२ महिने धरला जातो. झटका न येता, केवळ श्रमाने छातीत दुखते म्हणून स्टेंट बसवला असेल, तर तो साधारणपणे ६ महिने असतो. रक्तस्रावाचा धोका अधिक असलेल्या रुग्णांत, उदाहरणार्थ पूर्वी पोटात रक्तस्राव झालेल्या किंवा अतिवृद्ध व्यक्तींत, हृदयरोगतज्ज्ञ विचारपूर्वक तो १ ते ३ महिन्यांपर्यंत कमी करतात. त्यानंतर दोहोंपैकी एक गोळी बहुधा कायम राहते. हा काळ प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे ठरवलेला असतो. शेजारच्या व्यक्तीची गोळी सहा महिन्यांत थांबली, म्हणून आपलीही थांबावी, असा हिशेब येथे चालत नाही.

दाढेविषयी सांगायचे तर, एखाद-दुसरा दात काढण्यासाठी या गोळ्या बंद करण्याची सहसा गरज नसते. रक्तस्राव थोडा अधिक वेळ चालतो, पण तो जागच्या जागी थांबवता येतो. दंतवैद्य दाब देऊन, टाका घालून, रक्त गोठवणारा स्पंज ठेवून किंवा ट्रॅनेक्सामिक आम्लाच्या द्रावणाने गुळणी देऊन त्यावर नियंत्रण मिळवतात. दंतवैद्यांना स्टेंटची तारीख आणि दोन्ही गोळ्यांची नावे लेखी द्या आणि गरज वाटल्यास हृदयरोगतज्ज्ञांशी बोलण्याची त्यांना विनंती करा. मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पुढे ढकलता येण्याजोगी शस्त्रक्रिया या काळात पुढे ढकलावी, आणि ढकलता येत नसेल तर कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे. अशा वेळीही अ‍ॅस्पिरिन शक्यतो चालूच ठेवली जाते.

आणखी दोन सूचना. दाढ काढल्यावर दुखण्यासाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नये. ती अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणू शकते आणि रक्तस्रावही वाढवते. पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित आहे. तसेच, टिकाग्रेलॉर घेणाऱ्या काही रुग्णांना अधूनमधून धाप लागल्यासारखे वाटते. तसे झाल्यास गोळी सोडून न देता डॉक्टरांना सांगावे, कारण तिच्याऐवजी दुसरी गोळी देता येते.

प्रश्न: मला औषधाचा लेप असलेला स्टेंट बसवला आहे. हा लेप नेमका कशाचा असतो? त्यातील औषध संपल्यावर स्टेंट निकामी होतो का? आणि लेप असूनही तो पुन्हा बंद होऊ शकतो का?

उत्तर: हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७७ साली अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी झुरिकमध्ये हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने प्रथम रुंद केली. नुसत्या फुग्याच्या या उपचारात दोन उणिवा होत्या. फुगा काढल्यावर वाहिनी आकसून किंवा तिचे अस्तर फाटून काही रुग्णांत ती लगेच बंद पडे. आणि ज्यांच्यात ती सुरुवातीला उघडी राही, त्यांच्यापैकी अनेकांत ती काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. १९८६ साली तुलूझ येथे जाक प्युएल आणि लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी हृदयाच्या वाहिनीत धातूचे स्टेंट बसवले. त्यामुळे पहिली उणीव बऱ्याच अंशी दूर झाली, दुसरी राहिली. धातूचा आधार वाहिनीला आकसू देत नाही, पण फुग्याने आणि जाळीने झालेली इजा भरून काढताना भिंतीतील स्नायुपेशी भराभर वाढतात आणि जाळीच्या आतल्या बाजूला जाड थर साचतो. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये साधारण २० ते ३० टक्के रुग्णांत वाहिनी अशी पुन्हा अरुंद होत असे.

ही वाढ थोपवण्यासाठी लेपांचे अनेक प्रयोग झाले. सोन्याचा मुलामा देऊन पाहिला गेला. त्याने वाहिनी उलट अधिक प्रमाणात अरुंद झाली. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा आणि कार्बनचा लेप देऊनही अपेक्षित फरक पडला नाही. खरा बदल घडवला तो पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाने. सिरोलिमस हे औषध मुळात ईस्टर बेटाच्या मातीतील एका जिवाणूपासून मिळाले. त्याचा अभ्यास सुरुवातीला बुरशीनाशक म्हणून झाला, नंतर मूत्रपिंड-प्रत्यारोपणात ते वापरले जाऊ लागले, आणि पेशींचे विभाजन रोखण्याच्या त्याच्या गुणामुळे ते स्टेंटवर आले. सिरोलिमसचा लेप असलेला पहिला स्टेंट युरोपात २००२ साली आणि अमेरिकेत २००३ साली मान्य झाला. पाठोपाठ पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाचा लेप आला. आज एव्हरोलिमस आणि झोटारोलिमस ही सिरोलिमसच्याच कुळातील औषधे सर्वाधिक वापरली जातात.

लेपाचे दोन भाग असतात: औषध आणि ते धरून ठेवणारे पॉलिमर. स्टेंटवरील औषधाची एकूण मात्रा एका मिलिग्रॅमहूनही कमी असते. त्यातील बहुतेक भाग पहिल्या महिन्याभरात आणि उरलेला पुढील काही महिन्यांत भिंतीत झिरपतो. पेशींची अनिर्बंध वाढ होण्याचा काळही तोच असतो, म्हणून एवढे पुरते. औषध संपले की स्टेंट निकामी होत नाही. तो आपले आधार देण्याचे काम करतच राहतो. भिंतीत पूर्णपणे रुतलेला असल्यामुळे तो खोकल्याने, व्यायामाने किंवा प्रवासाने हलतही नाही.

पॉलिमरची गोष्ट मात्र अधिक लक्ष देण्यासारखी आहे. पहिल्या पिढीतील पॉलिमर औषध संपल्यावरही वर्षानुवर्षे भिंतीत राहत असे आणि काही रुग्णांत ते सततच्या सूक्ष्म दाहाला कारण ठरे. त्यातच औषधामुळे जाळीवर अस्तर उशिरा तयार होई. परिणामी, वर्षभरानंतरही अचानक गुठळी झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आणि २००६ च्या सुमारास या स्टेंटविषयी जगभर गंभीर चिंता व्यक्त झाली. माझ्या मते या चिंतेने पुढच्या रुग्णांचे फार मोठे हित साधले, कारण त्यानंतर स्टेंटच्या प्रत्येक घटकाचा नव्याने विचार झाला. पोलादाऐवजी कोबाल्ट-क्रोमियम आणि प्लॅटिनम-क्रोमियम हे मिश्रधातू आले. जाळीची जाडी सुमारे १४० मायक्रॉनवरून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ६० ते ८० मायक्रॉनपर्यंत खाली आली. रक्ताला अधिक मानवणारे पॉलिमर आले. काही स्टेंटवर ते काही महिन्यांत किंवा वर्ष-दोन वर्षांत विरघळून जाते, तर काहींवर ते अजिबातच नसते. आजच्या स्टेंटमध्ये पहिल्या वर्षात गुठळी होण्याचे प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. लेप असूनही वाहिनी पुन्हा अरुंद होऊ शकते. हे प्रमाण आता साधारण ५ ते १० टक्के आहे. मधुमेह असलेल्यांत, लांब किंवा लहान व्यासाचे स्टेंट असलेल्यांत आणि स्टेंट पूर्ण फुलला नसल्यास ते वाढते. रक्तवाहिनीच्या आतून अल्ट्रासाऊंडने किंवा प्रकाशकिरणांनी पाहून स्टेंट नीट टेकला आहे, याची खात्री करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. पुन्हा अरुंद होण्याची ही क्रिया सहसा हळूहळू घडते आणि पूर्वीसारखेच श्रमाने छातीत दुखू लागते. त्यावर औषधी लेप असलेला फुगा किंवा दुसरा स्टेंट हा उपाय असतो. विश्रांतीतही न थांबणारे, घाम आणणारे दुखणे मात्र गुठळीचे लक्षण असू शकते. तेव्हा घरी वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

प्रश्न: जिना चढताना माझ्या छातीत थोडा दाब जाणवतो. अँजिओग्राफीत एका वाहिनीत ७५ टक्के अडथळा दिसला. मला कधीही झटका आलेला नाही. स्टेंट बसवला नाही तर झटका येईल, या भीतीने घरचे घाबरले आहेत.

उत्तर: येथे दोन परिस्थिती काळजीपूर्वक वेगळ्या कराव्या लागतात. झटका चालू असताना वाहिनी उघडून स्टेंट बसवणे प्राण वाचवते, आणि तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. आपल्यासारख्या स्थिर लक्षणांच्या रुग्णांत चित्र निराळे आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या अभ्यासांत, उत्तम औषधोपचारासोबत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासचा मार्ग धरल्याने मृत्यूचे प्रमाण कमी झालेले आढळले नाही, आणि झटक्यांच्या एकूण प्रमाणातही स्पष्ट घट दिसली नाही. ‘इस्केमिया’मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. याचे कारण असे की, बहुतेक झटके सर्वांत अरुंद दिसणाऱ्या जागीच येतात असे नाही. चरबीचा मऊ थर फुटतो तेथे ते येतात, आणि ती जागा अँजिओग्राफीत फारशी अरुंद दिसतही नाही. स्टेंट एका जागेवर काम करतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या, रक्तदाबाची औषधे, तंबाखू सोडणे आणि साखरेवर नियंत्रण यांचा परिणाम सर्व वाहिन्यांवर होतो.

याचा अर्थ आपल्याला स्टेंटचा उपयोग नाही असा नव्हे. छातीतील दुखणे कमी करण्यासाठी तो उपयोगी पडतो, हे त्याच अभ्यासांत दिसले आणि २०२३ मधील एका अभ्यासानेही त्याला पुष्टी दिली. औषधांनी दुखणे आटोक्यात येत नसेल, किंवा औषधे सोसत नसतील, तर स्टेंट हा योग्य पर्याय ठरतो. मात्र डाव्या मुख्य वाहिनीतील अडथळा, हृदयाची पंपशक्ती बरीच कमी झालेली असणे, अलीकडे वाढलेले किंवा विश्रांतीत येणारे दुखणे, यांना ही चर्चा लागू होत नाही. मधुमेहाबरोबर अनेक वाहिन्यांत अडथळे असतील, तर बायपास बहुधा अधिक हिताची ठरते. आपल्या डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न असे: अडथळा कोणत्या वाहिनीत आहे, हृदयाची पंपशक्ती किती आहे, आणि या अडथळ्यामुळे रक्तपुरवठा खरोखर कमी होतो का, हे मोजले आहे का. वाहिनीत तार घालून अडथळ्याच्या पुढचा दाब मोजता येतो. अडथळ्याच्या आधीच्या दाबाशी त्याचे प्रमाण ०.८० किंवा त्याहून कमी असल्यास अडथळा महत्त्वाचा मानला जातो. डोळ्यांना ७५ टक्के दिसणारा अडथळा या मोजणीत कधीकधी निरुपद्रवी ठरतो. लक्षणे स्थिर असतील, तर एवढा विचार करण्याइतका वेळ आपल्याकडे निश्चित आहे.

प्रश्न: मुतखडा काढल्यावर डीजे स्टेंट ठेवला आहे. तेव्हापासून सारखी लघवीला घाई होते, लघवी करताना कमरेत कळ येते आणि कधीकधी लघवी लालसर होते. शस्त्रक्रिया बिघडली आहे का? आणि स्टेंट काढला नाही तर चालेल का?

उत्तर: पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. ही लक्षणे डीजे स्टेंट असलेल्या बहुसंख्य रुग्णांत आढळतात आणि ती शस्त्रक्रिया बिघडल्याची खूण नसते. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी ही मऊ नळी सरकू नये, म्हणून तिची दोन्ही टोके वळलेली असतात. खालचे टोक मूत्राशयाच्या आतल्या भागाला घासते. त्यामुळे घाई होते आणि हालचालीनंतर लघवीत थोडे रक्त दिसते. लघवी करताना मूत्राशयातील दाब नळीतून उलट मूत्रपिंडाकडे जातो. त्यामुळे कमरेत कळ येते. पाणी पुरेसे प्यावे, मूत्राशय फार भरू देऊ नये. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी हा त्रास अनेकांत बराच कमी होतो. डॉक्टरांकडून त्या लिहून घ्याव्यात. थंडी वाजून ताप येणे, लघवीत रक्ताच्या गुठळ्या पडणे, लघवी अडणे किंवा न थांबणारी तीव्र वेदना, यांपैकी काही झाल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम नकाराचे आहे. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा डीजे स्टेंट तात्पुरता असतो. तो बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत काढला जातो. दीर्घकाळ स्टेंटची गरज असलेल्या रुग्णांतही तो साधारण ३ ते ६ महिन्यांनी बदलावा लागतो. लघवीत बुडालेल्या नळीवर जिवाणूंचा पातळ थर बसतो आणि त्यावर क्षार साचू लागतात. ही क्रिया मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांत आणि गरोदरपणात अधिक वेगाने होते. निसरडे, हेपॅरिनचे आणि जिवाणुरोधक असे वेगवेगळे लेप या नळ्यांवर देऊन पाहिले गेले आहेत, परंतु क्षार साचणे पूर्णपणे थांबवणारा लेप आजही उपलब्ध नाही. त्रास आपोआप कमी झाल्यामुळे किंवा कोणी आठवण न करून दिल्यामुळे राहून गेलेले स्टेंट दगडासारखे कठीण होतात, तुटतात, मूत्रपिंड निकामी करतात, आणि जे काम दुर्बिणीने काही मिनिटांत झाले असते, त्यासाठी अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागतात. हे सारे टाळता येण्यासारखे असल्यामुळे मला ते विशेष क्लेशदायक वाटते. रुग्णालयातून घरी जाण्याच्या कागदांवर स्टेंट काढण्याची तारीख लिहिलेली नसेल, तर आजच विचारून ती लिहून घ्या आणि घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवा. काही स्टेंटना बाहेर आलेला दोरा असतो. सांगितल्याशिवाय तो ओढू नये.

प्रश्न: शरीरात विरघळून जाणारा स्टेंट मिळतो असे ऐकले. तोच घेणे चांगले नाही का?

उत्तर: कल्पना आकर्षक आहे: गरज असेपर्यंत आधार द्यावा आणि नंतर नाहीसे व्हावे. पॉलिलॅक्टिक आम्लापासून केलेला ‘अ‍ॅब्सॉर्ब’ हा असा स्टेंट अमेरिकेत २०१६ साली मान्य झाला, परंतु त्याच्यात गुठळी होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आढळले आणि २०१७ साली त्याची विक्री थांबवण्यात आली. पॉलिमर धातूइतका भक्कम नसल्याने त्याची जाळी सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवावी लागली होती, आणि विरघळताना तिचे भाग कधीकधी वाहिनीच्या मध्यभागी सुटत असत. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूवर काम चालू आहे. गुडघ्याखालील वाहिन्यांसाठी मात्र पॉलिलॅक्टिक आम्लापासूनच केलेला एक विरघळणारा स्टेंट अमेरिकेत २०२४ साली मान्य झाला आहे. हृदयासाठी पातळ जाळीचा, औषधी लेप असलेला धातूचा स्टेंट हाच आज भरवशाचा पर्याय आहे.

प्रश्न: हृदयात स्टेंट असताना एमआरआय करता येतो का? विमानतळावरील तपासणी यंत्राचे काय?

उत्तर: करता येतो. आजचे स्टेंट चुंबकाने ओढले जाणाऱ्या धातूचे नसतात आणि स्टेंट बसवल्यानंतर लगेचही नेहमीच्या एमआरआय यंत्रांत तपासणी करता येते. तपासणीपूर्वी स्टेंटचे कार्ड दाखवावे. विमानतळावरील यंत्रापासून स्टेंटला धोका नाही.

प्रश्न: माझ्या आईला स्वादुपिंडाच्या गाठीमुळे कावीळ झाली होती. पित्तनलिकेत प्लास्टिकचा स्टेंट ठेवल्यावर ती उतरली. आता तो बदलून धातूचा ठेवावा असे सांगत आहेत. पहिल्यांदाच धातूचा का ठेवला नाही? आणि घरी आम्ही कशाकडे लक्ष ठेवावे?

उत्तर: प्लास्टिकच्या नळीचा व्यास साधारण ३ मिलिमीटर असतो. ती ठेवणे आणि काढणे सोपे असते, म्हणून निदान पूर्ण व्हायचे असताना किंवा पुढील उपचार ठरायचा असताना ती अनेकदा आधी ठेवली जाते. तिचा दोष असा की, जिवाणू आणि पित्तातील गाळ साचून ती साधारण तीन महिन्यांत तुंबते. धातूचा, आपोआप फुलणारा स्टेंट १० मिलिमीटरपर्यंत रुंद होतो आणि बराच अधिक काळ खुला राहतो. गाठीमुळे झालेल्या काविळीत म्हणूनच तो पसंत केला जातो. उघड्या जाळीच्या धातूच्या स्टेंटमध्ये गाठ आत वाढू शकते. जाळीवर आवरण असलेल्या स्टेंटमध्ये ही वाढ अडते आणि तो काढताही येतो, पण तो जागेवरून सरकण्याची शक्यता थोडी अधिक असते. यांतील कोणता योग्य, हे अडथळ्याच्या जागेवर अवलंबून असते. हा प्रश्न आपण डॉक्टरांना अवश्य विचारावा.

स्टेंट बदलल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पाठीत जाणारी तीव्र पोटदुखी आणि उलट्या झाल्यास स्वादुपिंडाला सूज आली असण्याची शक्यता असते, लगेच कळवावे. त्यानंतर डोळे पुन्हा पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, शौच फिकट होणे आणि अंगाला खाज सुटणे ही स्टेंट तुंबल्याची लक्षणे आहेत. यांच्या जोडीला थंडी वाजून ताप आला, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असतो असे समजून, रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता आईला रुग्णालयात न्यावे. केमोथेरपी चालू असेल, तर कधीकधी ताप फार चढत नाही. अशा वेळी केवळ थंडी वाजणे, ग्लानी येणे किंवा बोलण्यात विसंगती जाणवणे एवढेही पुरेसे कारण मानावे. रुग्णालयात गेल्यावर स्टेंट कोणता आणि कोणत्या तारखेला बसवला, हे सर्वांत आधी सांगावे.